जाड तार, दोनदा

सचिव: सही केल्याशिवाय इथून जायचं नाही, असं मी कुठे म्हणतेय? सही केलीस तर माझं काम सोपं होईल, एवढंच.

नऊ: कशावर सही करू? ‘गैरवर्तन केल्याचे मान्य आहे.’ मला मान्यच नाही, तर सही कसली?

सचिव: मान्य नाही गं, मिळाले. ‘पत्र मिळाले.’ नीट वाच.

नऊ: वाचलं. दुसऱ्या ओळीत ‘मिळाले’ आहे, चौथ्या ओळीत ‘मान्य’ आहे. मॅडम, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते. रोज साठ माणसांना फॉर्म वाचून दाखवते. बारीक अक्षर माझ्या नजरेतून सुटत नाही.

सचिव: बाई गं! नऊ नंबर, बस तरी आधी. आणि ती व्हायोलिनची पेटी टेबलावर नको, खाली मार्कांचे कागद आहेत माझे. त्या खुर्चीवर ठेव. ती नको, तिचा पाय मोडलाय.

नऊ: मी उभीच बरी. मॅडम, सकाळी नऊला बाहेर स्पर्धेच्या फायनलची यादी लागली. सहा नावं. चौथं माझं. मी आईला फोन केला, काकाला केला, लॅबमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं. साडेदहाला तुमचा शिपाई येतो आणि म्हणतो, ऑफिसात बोलावलंय. मला वाटलं फोटो काढणार असतील. केस नीट करून आले मी!

सचिव: मलाही काही आनंद होत नाहीये हे करताना.

नऊ: मग करू नका.

सचिव: तक्रार लेखी आली की मला करावंच लागतं. नियम अकरा. पहिल्या फेरीत सगळे पडद्यामागून वाजवणार. कोण वाजवतंय हे परीक्षकांना कळेल असा कुठलाही आवाज, कुठलीही खूण करायची नाही. केली की स्पर्धेतून बाद.

नऊ: तेच विचारतेय ना मघापासून. मी केलं काय?

सचिव: वाजवायला सुरुवात करण्याआधी तू जाड तार दोनदा छेडलीस.

नऊ: बरं. मग?

सचिव: मग काय? तीच खूण.

नऊ: कशाची खूण? मीच वाजवतेय याची? आणि ते कळून कुणाचं काय भलं होणार होतं? त्या पाचांपैकी एक तरी परीक्षक मला ओळखतो का? मी माझ्या काकाकडे शिकले. तो वाद्यं दुरुस्त करतो. पुढच्या गल्लीतसुद्धा त्याला कुणी विचारत नाही, इथे कोण ओळखणार?

सचिव: मग छेडलीस कशाला?

नऊ: खुंटी सरकली म्हणून! तुमच्या बाहेरच्या खोलीत भट्टी, आत हॉलमध्ये बर्फ. पडद्यामागे जाऊन उभी राहिले तर जाड तार उतरलेली. तशीच वाजवू? बोटाने एकदा छेडली, खुंटी पिळली, लागली का बघायला परत एकदा छेडली. झालं. काकाने खुंटीला खडू लावून दिला होता, तरी सरकली. यात खूण कसली आली, डोंबलाची!

सचिव: आवाज खाली. भिंत पातळ आहे, पलीकडे परीक्षक बसलेत.

नऊ: ऐकू दे की. तुम्ही होतात ना तिथे? कोपऱ्यात बसून माझ्या पायांकडे बघत होतात.

सचिव: पायांकडे नाही, मोज्यांकडे. बूट काढलेत की नाही ते बघते मी. टाचांच्या आवाजावरून बाई की पुरुष कळतं, म्हणून सतरंजी घालतो आपण. बावीस वर्षं त्या कोपऱ्यात बसतेय मी. कुणी खोकलं, कुणी नाक ओढलं, सगळं वहीत लिहिते.

नऊ: लिहिता? मग माझ्याबद्दल काय लिहिलंय?

सचिव: थांब. चष्मा कुठे गेला... डोक्यावरच आहे. हं. ‘नऊ. तार लावली. जाड. दोनदा.’

नऊ: तार लावली. खूण केली असं नाही लिहिलं तुम्ही.

सचिव: तेव्हा मला तसं वाटलं नाही.

नऊ: आणि आज वाटतंय?

सचिव: माझ्या वाटण्याला कोण विचारतो? तक्रार परीक्षकाची आहे.

नऊ: कुठल्या?

सचिव: ते मला सांगता येत नाही.

नऊ: माझं नाव सगळीकडे जाणार, त्यांचं मात्र सांगता येत नाही. छान! मॅडम, पुढच्या महिन्यात मला तीस पूर्ण होतात. तिसानंतर तुम्ही घेत नाही. चार वर्षं पहिल्याच फेरीत गळत आलेय मी. ह्या फायनलमधून वाद्यवृंदात दोघांना घेणार आहेत. घेतलं असतं की नाही, देव जाणे. पण पहाटे पाचला उठून सहाला सुया टोचायला जाणं सुटलं असतं, एवढं तरी मनात आणायची परवानगी होती ना मला? आणि तुम्ही बाद करून थांबणार नाही. ‘गैरवर्तन’ लिहिणार. संध्याकाळी आठ पोरं येतात माझ्याकडे शिकायला. त्यांच्या आया काय म्हणतील?

सचिव: अगं, कळतंय मला.

नऊ: कळून उपयोग काय?

(दारावर टकटक करून परीक्षक आत येतात.)

परीक्षक: झालं का बाई? साडेअकरा होत आले. यादी बदलून लावायची आहे. निकालात सातव्या आलेल्याला कळवायला नको का?

सचिव: सर, तुम्ही जरा बाहेर...

नऊ: अच्छा. म्हणजे तक्रार यांची.

परीक्षक: माझीच. मी लपवत नाही. हे बघ मुली, राग मानू नकोस. तू वाजवतेस चांगलं. पण प्रश्न तत्त्वाचा आहे. पडदा कशासाठी असतो? ऐकणाऱ्याच्या कानात फक्त सूर जावा, माणूस जाऊ नये. मी चाळीस वर्षं घालवली आहेत या वाद्यात. मी जर अशा गोष्टीकडे काणाडोळा केला, तर उद्या...

नऊ: मला मुली म्हणू नका. तुमच्या ओळखीची नाही मी.

परीक्षक: बरं. आपण.

नऊ: आता टोमणे नकोत.

सचिव: सर, ती म्हणतेय खुंटी सरकली होती. तार लावत होती.

परीक्षक: सगळे तेच म्हणतात.

सचिव: सगळे कोण? बारा वर्षं तुम्ही इथे येताय, अशी तक्रार पहिल्यांदाच आलीय.

परीक्षक: पहिल्यांदा आली म्हणून खोटी ठरत नाही.

सचिव: नाही, खोटी नाही म्हणत मी. पण माझी वही उघडी आहे म्हणून विचारते. चौदा नंबरनेही तार छेडली होती. इथे आहे बघा. त्याच्याविरुद्ध तुम्ही काही दिलं नाहीत.

परीक्षक: ती बारीक तार होती. आणि एकदाच.

सचिव: हं.

परीक्षक: ते तार लावणं झालं. हे वेगळं.

नऊ: वेगळं कसं काय?

परीक्षक: जाड तार, दोनदा, मध्ये श्वासभर थांबून. असं कुणी उगाच करत नाही.

नऊ: मध्ये मी खुंटी पिळत होते! श्वास कुठला घेतेय!

सचिव: सर, नियमात जाड-बारीक असं काही नाही. आवाज म्हणजे आवाज.

परीक्षक: तुम्ही शब्दाचा कीस पाडताय, बाई.

नऊ: एक मिनिट. एक मिनिट थांबा दोघंही. बारीक तार एकदा छेडली तर तार लावणं. जाड तार दोनदा छेडली तर खूण. हे ठरवलं कुणी?

परीक्षक: ठरवायचं काय त्यात?

नऊ: आधी ठरल्याशिवाय तुम्हाला कळलं कसं? रस्त्यात कुणी दोनदा शिंकलं, तर मी म्हणेन सर्दी झालीय. माझ्यासाठीच शिंकतोय असं वाटायला आमचं आधी काहीतरी ठरलेलं असावं लागेल ना!

परीक्षक: तोंड सांभाळून बोल.

नऊ: सांभाळूनच बोलतेय. नाहीतर अजून बरंच येतं मला.

सचिव: सर... सकाळी मी बाकीच्या चौघांना विचारलं. चौघांनाही काही आठवत नाही. एक तर म्हणाले, तार लावली असेल बिचारीने.

परीक्षक: त्यांचं लक्ष नसेल.

सचिव: असेल. पण तुमचं होतं. आणि ही खूण तुम्ही काल दुपारी ऐकलीत. काल काही बोलला नाहीत. आज सकाळी पूर्ण निकालावर सही केलीत, नंबरांपुढची नावं बघितलीत, आणि अर्ध्या तासात तक्रार लिहून आणलीत.

परीक्षक: रात्रभर विचार केला मी.

नऊ: मॅडम, यांनी मला मार्क किती दिले?

परीक्षक: मार्क स्पर्धकाला सांगत नाहीत.

सचिव: सांगत नाहीत, खरंय. मी माझ्यासाठी बघते. नऊ... नऊ... हे काय? पन्नासपैकी एकोणपन्नास?

नऊ: किती?

सचिव: बाकीच्यांचे अडतीस, एकोणचाळीस, सदतीस, चाळीस. आणि सरांचे एकोणपन्नास.

नऊ: एकोणपन्नास! मग मला बाद कशाला करताय?

सचिव: सर, खूण ऐकून राग आला असता तर तुम्ही मार्क कापले असते. तुम्ही तर ओंजळ भरून दिलेत. बारा वर्षांत पंचेचाळिसाच्या वर गेला नाहीत कधी.

परीक्षक: वादन तसं होतं.

सचिव: होतं का? मग सकाळी नाव बघितल्यावर काय बिघडलं?

परीक्षक: तुम्ही माझी उलटतपासणी घेताय? याच ऑफिसात तुम्ही हात जोडून मला परीक्षक व्हा म्हणून...

सचिव: जोडले होते हात. खोटं नाही. आता जरा गप्प बसा, मला सातव्याचा अर्ज काढू दे. फोन करायचा म्हणालात ना, तुम्हीच घाई लावलीय. सतरा नंबर. वय बावीस. शिक्षण... घरीच. पालक म्हणून सही कुणाची वाचता येत नाही. फोन...

परीक्षक: बाई.

सचिव: अहो सर, हा नंबर मला पाठ आहे. पंधरा दिवस मी रोज लावतेय. तुमच्या घरचा आहे हा.

परीक्षक: दार लावता का जरा?

नऊ: लावलंय. बोला.

परीक्षक: माझी भाची आहे.

सचिव: तुम्ही लिहून दिलं होतं, नात्यातलं, शिकवणीतलं कुणी नाही म्हणून! माझ्या फाइलला तुमची सही आहे!

परीक्षक: माहीत आहे. माझी बहीण गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तेव्हापासून माझ्याकडेच. हात असे तयार आहेत, तुम्हाला सांगतो... पण चार माणसं समोर आली की घाबरते. पडदा असला तरी घाबरते. मला वाटलं, निदान पहिली फेरी पार व्हावी. एकदा फायनलला उभी राहिली की भीड चेपेल. म्हणून सांगितलं होतं, वाजवण्याआधी जाड तार दोनदा छेड. मध्ये एक श्वास.

नऊ: आणि माझी खुंटी सरकली.

परीक्षक: हो.

नऊ: आणि तुम्हाला वाटलं मीच ती.

परीक्षक: मला इतकं बरं वाटलं होतं काल. म्हटलं, ऐकलं पोरीने. आणि पुढे वाजवलंही असं मोकळं, की मनात म्हटलं, बघा, उगाच घाबरत होती.

सचिव: आणि ती खरी आली तेव्हा? सतरा नंबरला तुमचे तेहतीस आहेत.

परीक्षक: माहीत आहे.

सचिव: तेरा वर्षं शिकवलंत तुम्ही तिला!

परीक्षक: माहीत आहे म्हटलं ना, बाई!

नऊ: मला एक सांगा. खरं सांगा. काल तुम्हाला माझं वाजवणं आवडलं होतं, की तिचं समजून आवडलं होतं?

परीक्षक: काय उत्तर देऊ?

नऊ: असेल ते द्या. मला हवंय.

परीक्षक: आता मला सांगता येणार नाही. काल रात्रीपर्यंत सांगता आलं असतं.

नऊ: अरे देवा! पाच जणांत एकाने मला एकोणपन्नास दिले, आणि त्यालाच माहीत नाही का दिले ते!

सचिव: हे बघ, तू आधी पाणी पी.

नऊ: पाणी नको मला. ते पत्र फाडा आधी.

सचिव: फाडते. हे बघ. झालं? पण आता ऐक. हे प्रकरण समितीपुढे गेलं तर नियम असा आहे की सरांचे मार्क सगळ्यांच्याच निकालातून वगळायचे. तेवीसच्या तेवीस स्पर्धकांच्या. मी तुमचं बोलणं चालू असतानाच बेरीज केली.

नऊ: मग?

सचिव: यादीतले बाकीचे पाच यादीतच राहतात. तुझे राहतात एकशे चोपन्न.

नऊ: आणि?

सचिव: सतरा नंबरचे एकशे पंचावन्न.

नऊ: म्हणजे ती सहावी.

सचिव: तू सातवी. एका मार्काने.

नऊ: थांबा. म्हणजे यांची तक्रार खरी मानली तर मी बाहेर, ती आत. खोटी ठरवली तरी मी बाहेर, ती आत. मग एवढा वेळ मी इथे घसा कशाला कोरडा करत होते?

सचिव: म्हणून म्हणतेय, ऐक. समितीपुढे न्यायलाच पाहिजे असं नाही. सर तक्रार मागे घेतात. सरांची तब्येत बिघडते, ते फायनलला बसत नाहीत. यादी बाहेर लागलीय तशी राहते. तू चारला फायनलमध्ये वाजवतेस. या खोलीतलं या खोलीत.

परीक्षक: मी तयार आहे.

नऊ: तुम्ही असणारच तयार.

सचिव: माझाही विचार कर जरा. हे बाहेर पडलं तर उद्या स्पर्धा राहील का? बावीस वर्षांत एकदा कुणी बोट दाखवलं नाही. आणि तू काही चोरी केलेली नाहीस. तुझी खुंटी सरकली, बस. नशीब एकदा तुझ्या बाजूने सरकलं असं समज.

नऊ: एकशे चोपन्न हे खरे ना माझे? चौघांचे?

सचिव: अगदी खरे.

नऊ: वाईट नाहीत.

सचिव: मुळीच वाईट नाहीत.

नऊ: ठीक आहे. येते मी चारला.

सचिव: ये. शांत डोक्याने ये.

परीक्षक: शहाणी आहेस.

नऊ: काय म्हणालात?

परीक्षक: समजूतदारपणे घेतलंस, एवढंच म्हणायचं होतं.

नऊ: तिने का नाही छेडली?

परीक्षक: काय?

नऊ: तुमच्या भाचीने. जाड तार दोनदा. घाबरली म्हणून विसरली का?

सचिव: अगं, आता तो विषय कशाला?

नऊ: मॅडम, तुमच्या वहीत बघा ना. सतरा.

सचिव: ‘सतरा. काही आवाज नाही. उशिरा सुरुवात.’

नऊ: उशिरा म्हणजे?

सचिव: बराच वेळ नुसती उभी होती. मला आठवतंय. डावा हात तारांवर होता, मग काढून घेतला. मला वाटलं, आता ही रडत बाहेर पळते. मग वाजवायला लागली.

नऊ: विसरली नव्हती तर.

परीक्षक: आठवडाभर नाही नाही म्हणत होती. मामा, मला हे नको. रडलीसुद्धा. मी म्हटलं, आत्ता नको म्हणशील, तिथे घाबरलीस की करशील मुकाट्याने.

नऊ: आणि काल घरी गेल्यावर?

परीक्षक: मी पाठ थोपटली तिची. म्हटलं, ऐकलंस ना शेवटी माझं. ती म्हणाली, मी काही केलं नाही मामा. मला वाटलं, लाजतेय. सकाळी यादी बघितली तेव्हा कळलं. तेव्हापासून माझा फोन उचलत नाही.

नऊ: चांगलं करते.

सचिव: चल, तू नीघ आता. घरी जाऊन थोडी पड.

नऊ: नाही जात.

सचिव: म्हणजे?

नऊ: समितीपुढे न्या.

सचिव: डोकं फिरलंय का तुझं? आत्ता तर हो म्हणालीस!

नऊ: आत्ता मला माहीत नव्हतं ना! का विचारलं मी, माझी मेलीची जीभ! मुकाट्याने गेले असते तर चारला वाजवून मोकळी झाले असते.

परीक्षक: हे बघ, तुझं काही चुकलेलं नाही. तिचं मी बघून घेईन. तिला अजून आठ वर्षं आहेत.

नऊ: तुम्ही तिचं बघू नका! तुम्ही बघितलंत म्हणूनच ती सातवी आहे! आणि मला काही देवमाणूस व्हायची हौस नाही, मॅडम. मला वाजवायचंय. मला चारला तिथे उभं राहून वाजवायचंय! इतका राग येतोय मला की ही पेटी भिंतीवर आपटावीशी वाटतेय. पण ती पोरगी एवढी घाबरलेली तिथे उभी राहिली, तारेवर गेलेला हात मागे घेतला, आणि तिच्याऐवजी मी जाऊ? एकोणपन्नास घेऊन? ते एकोणपन्नास माझे पण नाहीत आणि तिचे पण नाहीत. जाड तारेवर बोट पडलं की मला तीच दिसणार. मग काय डोंबल वाजवणार मी?

सचिव: हे तुझं शेवटचं वर्ष आहे गं.

नऊ: मला सांगताय?

सचिव: उद्या सकाळी सहाला लॅबमध्ये असशील. तेव्हा वाटेल, गाढव होते मी.

नऊ: आत्ताच वाटतंय. सकाळपर्यंत कुठे थांबू? लिहा तुम्ही. नवीन कागद घ्या. आणि ‘गैरवर्तन’ हा शब्द माझ्या नावापुढे कुठेही नको. लिहायचाच असेल तर कुणापुढे लिहायचा, ते तुम्हाला कळलंय.

सचिव: सर?

परीक्षक: बाई, माझी चाळीस वर्षं...

सचिव: माझीही बावीस आहेत, सर. मघाशी मीच झाकायला निघाले होते, आता ह्या मुलीकडे बघून मलाच लाज वाटतेय. हे घ्या पेन. तुमच्याच हाताने लिहा. मी नाही सांगणार काय लिहायचं.

परीक्षक: ‘सतरा क्रमांकाची स्पर्धक माझी भाची असून...’ असून चालेल?

सचिव: आहे लिहा. सरळ.

परीक्षक: ‘भाची आहे. मी ते लपवले. खूण मी ठरवली होती, तिने केली नाही. माझे सर्व मार्क वगळावेत.’

नऊ: माझं काय?

परीक्षक: ‘क्रमांक नऊची कोणतीही चूक नाही.’

नऊ: दाखवा. हं. सही कुठेय तुमची? तारीख पण टाका.

सचिव: मी बाकीच्या चौघांना वाचून दाखवते, आणि बाहेरची यादी काढून आणते. चौथं नाव... बरं. आधी फोन. सर, तुम्ही करताय?

परीक्षक: तुमच्याकडून करा. माझा नाही उचलणार ती.

सचिव: लागतोय. हॅलो? स्पर्धेच्या ऑफिसातून बोलतेय. सतरा नंबर ना? हे बघ, बाळ, निकालात दुरुस्ती झालीय, तू सहावी आहेस. चारला फायनल. नाही नाही, मामांच्या मार्कांवर नाही, त्यांचे वगळलेत. हो, सगळं कळलंय आम्हाला. तुझ्याच मार्कांवर. अगं, रडू नको. थांब हं, एक मिनिट. विचारतेय, तिच्यामुळे कोण बाहेर गेलं म्हणून. तिला वाटतंय कुणाला तरी बाद केलं. काय सांगू?

नऊ: बाद नाही म्हणावं. नऊ नंबर. एका मार्काने गेली.